मोटारीच्या इंजिनांतील तेल : पाहणी, भर आणि हिशेब

शेतकऱ्याच्या दारांत पूर्वीं बैलगाडी असे. आतां तेथें ट्रॅक्टर असतो, आणि पुष्कळांच्या दारांत त्याच्या शेजारीं मोटारगाडीही उभी असते. ट्रॅक्टरची निगा कशी राखावी हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. शेतावर जाण्यापूर्वीं रोज सकाळीं त्याचें तेल व पाणी पाहण्याची चाल जाणत्या शेतकऱ्यांत चांगलीच रुळली आहे. मोटारीच्या बाबतींत मात्र उलट प्रकार दिसतो. तिचें बॉनेट उघडणें हें मिस्त्रीचें काम, आपलें काम पेट्रोल भरण्याचें, अशी नव्या मालकाची समजूत असते. या समजुतीनें केवढें नुकसान होऊं शकतें आणि पंधरा दिवसांतून दहा मिनिटें खर्च केल्यानें तें कसें टळतें, हें या पाठांत दाखविण्याचा आमचा विचार आहे. विजेवर चालणाऱ्या गाडीस असें इंजिनच नसतें. म्हणून पेट्रोल, डिझेल व सीएनजी यांवर चालणाऱ्या गाड्यांपुरताच हा पाठ समजावा.

तेलाचें काम

बैलगाडीच्या आंसाला वंगण नसेल तर चाक कुरकुरतें, आंस तापतो व झिजतो. मोटारीच्या इंजिनांत प्रकार तोच, परंतु वेग फार मोठा. रस्त्यावर चालतांना इंजिन मिनिटाला दोन-तीन हजार फेरे सहज घेतें. त्याचा फिरता दांडा आणि त्याखालचीं बेअरिंगें यांच्यामध्यें तेलाचा केसाहूनही पातळ थर असतो. धातूला धातू लागत नाहीं तो या थरामुळेंच. याशिवाय आंतील उष्णता वाहून नेणें, काजळी व मळ आपल्या पोटांत घेणें आणि गंज थोपविणें हीं कामेंही तेलच करतें.

इंजिनाच्या तळाशीं तेलाचा हौद असतो व तेथून पंप तें वर चढवितो. विहिरीचें पाणी फुटव्हॉल्व्हच्या खालीं गेलें म्हणजे मोटरपंप हवा ओढूं लागतो, हें आपण उन्हाळ्यांत पाहतों. हौदांतील तेल कमी झालें म्हणजे येथेंही तसेंच होतें. विशेषतः घाटांत व वळणावर तेल एका बाजूस सरकतें, पंपाचें तोंड उघडें पडतें, आणि थोड्याच वेळांत बेअरिंगें जळूं शकतात. इंजिन एकदां असें जाम झालें म्हणजे दुरुस्तीचा खर्च तेलाच्या डब्याच्या किंमतीच्या कित्येक पट होतो.

पाहणी कशी करावी

तेल मोजण्यासाठीं इंजिनांत एक लांब पट्टी खोंचलेली असते. तिला डिपस्टिक म्हणतात. मिस्त्री लोक तिला गेज असेंही म्हणतात. तिचें टोंक बहुधा पिवळें किंवा नारिंगी असतें. कांहीं थोड्या गाड्यांत ही पट्टी नसून मोजणी यंत्राच्या पडद्यावर दिसते; तेथें पुस्तिकेंत दिलेली रीत पाळावी. पट्टी असेल तेथें पुढील क्रम ठेवावा.

(१) गाडी सपाट जागीं उभी करावी. उतारावर घेतलेलें माप खोटें ठरतें.

(२) गाडी चालवून आणली असल्यास इंजिन बंद करून पांच ते दहा मिनिटें थांबावें. वर गेलेलें तेल हौदांत परत उतरण्यास तेवढा अवधि लागतो. कांहीं गाड्यांचे कारखानदार थंड इंजिनावर माप घेण्यास सांगतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेंत जें लिहिलें असेल तें प्रमाण.

(३) पट्टी बाहेर काढून स्वच्छ फडक्यानें पुसावी. पहिल्या वेळीं तिच्यावर दिसणारें तेल उडालेलें व ओघळलेलें असतें. त्यावर विश्वास ठेवूं नये.

(४) पट्टी पुन्हां पूर्ण आंत घालावी, बाहेर काढावी व टोंक खालीं ठेवून पाहावी. दोन खुणा दिसतील: खालची किमान, वरची कमाल. दोहोंच्या मध्यें तेल असल्यास इंजिन सुरक्षित समजावें.

ही पाहणी पंधरा दिवसांतून एकदां, आणि लांबच्या प्रवासापूर्वीं अवश्य करावी. शक्य तों जागा एकच आणि वेळही एकच ठेवावी. म्हणजे मागील मापाशीं आजचें माप ताडून पाहतां येतें.

भर कशी घालावी

पुष्कळ मोटारींत खालच्या व वरच्या खुणेंतील अंतर सुमारें एक लिटर तेलाचें असतें. नेमका आंकडा पुस्तिकेंत मिळतो. एक लिटर धरल्यास, तेल दोन खुणांच्या बरोबर मध्यावर असतां अर्धा लिटर मावेल, हा हिशेब सोपा आहे. परंतु अर्धा लिटर एकदम ओतूं नये. झांकणाभोंवतींची धूळ आधीं पुसावी. शेताकडील रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीस ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. नंतर स्वच्छ नरसाळ्यानें पाव लिटर घालावें, कांहीं मिनिटें थांबून पट्टी पाहावी, आणि लागल्यास पुन्हां थोडें घालावें. वरच्या खुणेच्या किंचित् खालीं थांबणें उत्तम. शेवटीं झांकण घट्ट बसवावें.

झांकण ओळखण्यांत चूक होऊं देऊं नये. तेलाच्या झांकणावर बहुधा झारीचें चित्र असतें. ब्रेकच्या द्रवाच्या भांड्यांत इंजिनाचें तेल पडल्यास आंतील रबरें फुगून ब्रेकच निकामी होतात. असें झाल्यास गाडी जागेवरून न हलवितां मिस्त्रीस बोलवावें.

'थोडें जास्त असलेलें बरें' हा विचार धान्याच्या कणगीला शोभतो, इंजिनाला नव्हे. तेल फार झालें म्हणजे फिरता दांडा त्यांत बुडून तें घुसळतो, फेंस होतो, आणि हवा मिसळलेलें तेल तो पातळ थर टिकवूं शकत नाहीं. जास्तीचें तेल सांध्यांतून बाहेर येतें किंवा जळून धूर सोडणाऱ्या नळींतील शुद्धीकरणाचें यंत्र बिघडवितें. जास्त पडलें असल्यास तें मिस्त्रीकडून काढून घ्यावें. असें काढलेलें तेल विहिरीजवळ, ओढ्यांत वा बांधावर ओतूं नये. २०१६ च्या केंद्रीय नियमांनीं वापरलेलें तेल घातक कचऱ्यांत गणिलें आहे.

कोणतें तेल

डब्यावर '५ डब्ल्यू-३०' किंवा '१५ डब्ल्यू-४०' असे आंकडे असतात. पहिला आंकडा जितका लहान, तितकें तेल थंडींत लवकर वाहतें. दुसरा आंकडा तापलेल्या इंजिनांतील दाटपणा दाखवितो. पहिल्या महायुद्धांत, १९१४ ते १९१८ या काळांत, विमानांच्या कांहीं इंजिनांत एरंडाचें तेल घालीत, हें वाचून आमच्या वाचकांस गंमत वाटेल. परंतु आजच्या मोटारीस पुस्तिकेंत सांगितलेलेंच तेल द्यावें.

ट्रॅक्टरसाठीं आणलेला डबा घरांत आहे म्हणून तोच मोटारींत रिता करण्याचा मोह अनेकांस होतो, तो आवरावा. भारतांत १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, आणि त्यानंतरच्या पुष्कळ डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणी असते. तिला कमी राख सोडणारें तेल लागतें. भलत्या तेलानें ती कालांतरानें तुंबते. मात्र आडवाटेवर तेल किमान खुणेखालीं गेलेलें आढळलें आणि नेमकें तेल मिळत नसलें, तर कोरडें इंजिन चालविण्यापेक्षां इंजिनाचेंच पण दुसऱ्या आंकड्याचें तेल थोडें घालणें बरें. गांवीं पोंचतांच मिस्त्रीस तें सांगावें.

भर हा उपाय नव्हे

येथवरची कृति कोणासही साधेल. खरी गोम पुढें आहे. तेल घातलें, पट्टी वर आली, म्हणजे काम झालें असें नव्या मालकास वाटतें. वस्तुतः तेल कां उतरलें हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून दूधदुभत्याच्या वहीसारखी एक लहान वही गाडींत ठेवावी, आणि तींत दिनांक, किलोमीटरचा आंकडा, पट्टीवरील पातळी व घातलेलें तेल लिहावें.

या वहीचा उपयोग उदाहरणानें दाखवितों. कांहीं कारखानदार हजार किलोमीटरमागें अर्ध्या लिटरपर्यंत तेल जळणें क्षम्य मानतात. समजा, एका लहान गाडीच्या हौदांत तीन लिटर तेल आहे व तें याच मानानें जळत आहे. दोन हजार किलोमीटरांत एक लिटर संपून तेल किमान खुणेवर येईल. सहा हजारांत हौद कोरडा पडेल. तेलपालट मात्र पुष्कळ पेट्रोल गाड्यांत दहा हजार किलोमीटरांनीं किंवा वर्षानें सांगितलेली असते. म्हणजे जो मालक दोन तेलपालटींच्या मध्यें एकदांही पट्टी पाहत नाहीं, त्याचें इंजिन कारखानदाराच्या हिशेबानें निर्दोष असूनही बुडूं शकतें.

वहींत उतार वाढूं लागलेला दिसला, मागें दोन हजारांत लागणारा अर्धा लिटर आतां हजारांतच लागला, तर रात्रीं इंजिनाखालीं पुठ्ठा घालून ठेवावा. सकाळीं त्यावर डाग असल्यास गळती आहे. डाग नसून धूर निळसर असल्यास तेल आंत जळत आहे. दोन्ही प्रसंगीं मिस्त्रीकडे वही दाखवावी; तिचा आधार तोंडी तक्रारीपेक्षां फार मोठा.

पातळी कांहीं न घालतां वाढली तर आनंद मानूं नये. ती अधिक वाईट खूण होय. पट्टीवरील तेल ताकासारखें पांढुरकें दिसल्यास त्यांत पाणी मिसळलें आहे. गाडी चालूं करूं नये. त्यास डिझेलचा वा पेट्रोलचा वास येत असल्यास इंधन मिसळून तेल पातळ झालें आहे. काजळीच्या गाळणीच्या डिझेल गाड्या नेहमीं अगदीं जवळच्याच फेऱ्या करीत असल्यास हा प्रकार घडतो. डिझेल इंजिनांतील तेल काळें होणें मात्र स्वाभाविक आहे. त्यानें घाबरूं नये. तसेंच भर घातल्यानें जुनें तेल नवें होत नाहीं. तेलपालट वेळेवर झालीच पाहिजे.

तांबडा दिवा

शेवटीं एक इशारा. चालकासमोरील झारीच्या चित्राचा तांबडा दिवा तेल किती आहे हें सांगत नाहीं. तेलाचा दाब गेला हें सांगतो. तो पेटतो तेव्हां बेअरिंगांपर्यंत तेल पुरेसें पोंचत नसतें. 'पुढच्या गांवीं पाहूं' असें म्हणतां म्हणतां इंजिन जातें. गाडी सुरक्षित कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावें, पट्टी पाहावी. तेल पुरेसें असूनही दिवा पेटत असल्यास गाडी ओढून न्यावी. दिवा हा शेवटचा निरोप होय. पट्टी तो कित्येक दिवस आधीं देत असते. म्हणून दिव्याची वाट न पाहतां पट्टी पाहण्याची संवय आमच्या वाचकांनीं गाडी घरीं आणल्याच्या पहिल्या पंधरवड्यापासूनच लावून घ्यावी.