साखळी-करवत : रेसचा खटका आणि मूठ

आपल्या रामाकोन्याच्या परिसरात संत्र्याची तोडणी आटोपली की बागांतून सल काढण्याचे काम सुरू होते. बारीक वाळक्या फांद्या कात्रीने निघतात. परंतु डिंक्या रोगाने एखादे झाड सबंध वाळले, तर ते तोडून काढल्यावाचून गत्यंतर नसते. हे काम पूर्वी कुऱ्हाडीने आणि दोघांनी ओढावयाच्या करवतीने होई. आता अनेक बागांत ते पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत, म्हणजे आपण जिला ‘चेनसॉ’ म्हणतो ती मशीन, करते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या काकांच्या मशीनला एक खोड लागली. रेस सोडली की इंजिन बंद पडे. वारंवार दोरी ओढून ते कंटाळले. कोणीतरी सांगितले, “तो एक स्क्रू आहे ना, तो थोडा आवळा.” काकांनी स्क्रू आवळला आणि इंजिन बंद पडेनासे झाले. सर्वांना वाटले, दुरुस्ती झाली. परंतु त्याच दिवशी दुपारी एक फांदी कापून झाल्यावर काकांनी खटका सोडला आणि मशीन सहज मांडीजवळ आणली. साखळी मात्र थांबलेली नव्हती. पायजमा गुडघ्यापासून फाटत गेला. पाय थोडक्यात वाचला. संध्याकाळी झाकण उघडून पाहिले, तेव्हा एअर फिल्टर भुशाने गच्च भरलेला आढळला. दोष तेथे होता आणि उपाय केला गेला होता भलतीकडेच.

या लेखात मला मुख्यतः हीच एक गोष्ट सांगावयाची आहे : दोष लपविणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, आणि ज्या मशीनवर माणसाचे हातपाय अवलंबून आहेत, तिच्या बाबतीत तर मुळीच नव्हे.

यंत्राची रचना

जर्मनीतील आंद्रेयास श्टील यांनी १९२६ साली विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली. तिचे वजन ६४ किलो होते आणि ती चालविण्यास दोन माणसे लागत. १९२९ साली त्यांनी पेट्रोलवर चालणारी करवत आणली. आज बागेत वापरली जाणारी मशीन पाच किलोंच्या आसपास असते व एकटा माणूस ती पेलतो. वजन घटले, तसा हात साखळीच्या अधिक जवळ आला. म्हणूनच मुठीची आणि खटक्याची रचना विचारपूर्वक करावी लागली.

मशीनला दोन मुठी असतात. पुढची मूठ डाव्या हातात व मागची उजव्या हातात धरतात. मागच्या मुठीच्या खालच्या बाजूस रेसचा खटका आणि वरच्या बाजूस तळहाताने दाबला जाणारा सुरक्षा-खटका असतो. वरचा दाबल्याशिवाय खालचा हलत नाही. झुडपाची काटकी अडकून रेस आपोआप वाढू नये, यासाठी ही योजना आहे. रेसच्या खटक्यापासून एक बारीक सळई किंवा तार कार्बोरेटरपर्यंत जाते. तेथे हवेच्या वाटेत एक गोल झडप असते. खटका दाबला की झडप उघडते, हवा व पेट्रोल अधिक जाते आणि इंजिनाचा वेग वाढतो. बोट उचलले की स्प्रिंग झडपेला मिटवून टाकते.

इंजिन आणि साखळी यांच्यामध्ये क्लच असतो. गोफण जोराने फिरविली की दगड बाहेर ओढ घेतो, तद्वतच वेग वाढला की क्लचचे गुटके बाहेर सरकून भोवतालच्या डब्याला घट्ट धरतात आणि साखळी फिरू लागते. इंजिनाची मंद चाल मिनिटाला सुमारे २५०० ते ३००० फेऱ्यांची असते. त्या वेगात क्लचने साखळीला धरता कामा नये. पूर्ण रेसमध्ये साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर धावते. यावरून बोट उचलताच ती थांबणे किती आवश्यक आहे, हे ध्यानात येईल.

तपासणीचा क्रम

प्रथम इंजिन बंद करून निवू द्यावे, स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवावी आणि हातमोजे घालावेत. जवळपास विडी किंवा चूल पेटलेली नसावी. त्यानंतर बोटापासून आरंभ करून कार्बोरेटरपर्यंत एकेक दुवा तपासीत जावे. मधला दुवा गाळू नये.

सुरक्षा-खटका न दाबता रेस दाबून पाहावी; ती हलता कामा नये. नंतर दोन्ही दाबून सोडावे. खटका झटक्याने मूळ जागी आला पाहिजे. तो रेंगाळत असेल, तर बहुधा मुठीच्या पोकळीत साखळीच्या तेलात भिजलेला भुसा साचलेला असतो. झाकण उघडून तो कोरड्या ब्रशने काढावा. तेथे पुन्हा तेल ओतू नये, कारण त्यावर नवा भुसा चिकटतो. साफ करूनही खटका परतत नसेल, तर त्याची स्प्रिंग निसटली आहे किंवा तुटली आहे असे समजावे.

यानंतर एअर फिल्टरचे झाकण काढून एकाने खटका दाबावा व दुसऱ्याने कार्बोरेटरवरील दांडी पाहावी. खटका हलतो पण दांडी हलत नाही, याचा अर्थ मधली सळई निसटली किंवा तार तुटली. दांडी अर्धीच उघडते, म्हणजे सळई वाकली आहे किंवा खटक्याची खीळ झिजली आहे. दांडी पूर्ण उघडते व पूर्ण मिटते, तरीही इंजिन वेग घेत नाही, तर खटका निर्दोष आहे. दोष हवेत अथवा पेट्रोलमध्ये शोधावा. एअर फिल्टर, टाकीतील पेट्रोलचा फिल्टर आणि जुने झालेले पेट्रोल या क्रमाने पाहिल्यास बहुतेक वेळा कारण सापडते.

बोट उचलले तरी साखळी फिरते

सर्वांत धोकादायक दोष हाच. याची चार कारणे संभवतात आणि त्यांतील भेद नीट निरीक्षण केल्यास कळतो. पहिले, सुरू करताना लावलेला चोक किंवा अर्धी रेस अडकून राहिलेली असते. खटका एकदा दाबून सोडताच ती सुटली पाहिजे. दुसरे, मंद चालीचा स्क्रू अधिक आवळला गेलेला असतो. तिसरे, इंजिन हळू व शांत चालले असूनही साखळी सरकते. अशा वेळी क्लचच्या स्प्रिंगा सैल झालेल्या किंवा तुटलेल्या असतात. चौथे, कार्बोरेटरची दांडी पूर्ण मिटलेली असूनही इंजिन वेगाने ओरडते. अशा वेळी कार्बोरेटर व इंजिन यांमधील रबराला चीर पडून तेथून जास्तीची हवा आत जात असते.

हे चौथे कारण इंजिनाच्याही जिवावर बेतते. या इंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच. हवा वाढून पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते, उष्णता वाढते आणि पिस्टन चिकटून बसतो. स्क्रू सैल करून आवाज कमी केला, तरी चीर तशीच राहते.

म्हणून स्क्रूला हात लावावयाचा तो सर्वांत शेवटी. फिल्टर स्वच्छ असावा, इंजिन तापलेले असावे, मशीन सपाट जमिनीवर घट्ट धरलेली असावी आणि पट्टी कशालाही टेकलेली नसावी. साखळी फिरत असेल तर ती थांबेपर्यंत स्क्रू उलट फिरवावा व आणखी पाव फेरा मागे घ्यावा. एवढे करून इंजिन स्थिर चालले पाहिजे. साखळी थांबविली की इंजिन बंद पडते आणि इंजिन चालू ठेवले की साखळी फिरते, असे होत असेल, तर दोष स्क्रूत नाही. शोध पुन्हा आरंभापासून करावा.

मुठीचे दोष

मूठ ही केवळ धरण्याची वस्तू नव्हे. इंजिनाची थरथर हातापर्यंत पोहोचू नये म्हणून मूठ आणि इंजिन यांच्यामध्ये रबरी गुटके किंवा स्प्रिंगा बसविलेल्या असतात. जंगलात वर्षानुवर्षे करवत चालविणाऱ्या मजुरांची बोटे थंडीत पांढरी पडतात, बधिर होतात, हे १९६० च्या दशकात अनेक देशांतील डॉक्टरांच्या लक्षात आले. सततच्या थरथरीने बोटांतील रक्तवाहिन्यांना व मज्जातंतूंना इजा होते. मशीन पूर्वीपेक्षा अधिक थरथरू लागली किंवा पट्टी हलकेच दाबताच मूठ एका बाजूस झुकू लागली, तर एखादा गुटका फाटला आहे असे समजून तो बदलावा.

मूठ सैल वाटल्यास स्क्रू पाहावेत. मात्र अती आवळू नयेत, कारण प्लॅस्टिकमधील आटे त्याने निकामी होतात. मुठीला तडा गेला असेल, तर चिकटपट्टी, तार वा डिंक यांवर विसंबू नये. पुष्कळ मशीनींत मागची मूठ आणि पेट्रोलची टाकी हे एकाच साच्यातील अखंड भाग असतात. तेथील तडा वाढला, तर मूठ निसटेलच, शिवाय तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळेल. असा भाग संपूर्ण बदलणे हाच उपाय. त्याचप्रमाणे सुरक्षा-खटका बिघडला म्हणून तो सुतळीने कायमचा दाबून ठेवण्याची युक्ती कोणी सुचविली, तर ती ऐकू नये.

मित्रहो, ही मशीन चालविणे हे तुमचे काम नव्हे. ते जाणत्या व प्रौढ माणसांचे. क्लच किंवा कार्बोरेटर उघडणेही जाणकार मिस्त्रीकडे सोपवावे. परंतु फिल्टर पाहणे, खटका परततो की नाही हे तपासणे, मुठीवरील तडा शोधणे, एवढे तुम्ही वडिलांच्या जोडीने, इंजिन बंद असताना, अवश्य करू शकता. शेजारच्या काकांनी मंद चालीचा स्क्रू पूर्वस्थितीवर आणला आणि फिल्टर धुऊन, वाळवून बसविला. आता ते रोज सकाळी काम सुरू करण्यापूर्वी मशीन जमिनीवर ठेवून सुरू करतात, रेस देऊन बोट उचलतात आणि साखळी थांबलेली डोळ्यांनी पाहतात. या तपासणीला अर्धे मिनिटही लागत नाही. तुमच्या बागेत ही मशीन येईल, तेव्हा घरच्यांना एवढे अर्धे मिनिट थांबावयास जरूर सांगा.