मूठ उघडते कशी?

एखाद्याने दुसऱ्यावर हल्ला केला, की “ते त्याच्या रक्तातच आहे” असे लोक सहज म्हणून जातात. हे विधान तपासायचे कसे?

जन्मजात गुन्हेगार चेहऱ्याच्या व कवटीच्या ठेवणीवरून ओळखता येतो, असे इटलीतील वैद्य लोंब्रोझो यांनी १८७६ साली मांडले. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे ३००० कैद्यांची मोजमापे घेतली आणि ती सैनिक, विद्यार्थी इत्यादींच्या मोजमापांशी ताडून पाहिली. गुन्हेगाराचा असा निराळा शारीरिक नमुना आढळत नाही, हा त्यांचा निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाला.

मग कारण शोधायचे कोठे? समजा, गर्दीत तुम्हाला धक्का लागला. तो चुकून की मुद्दाम? हेतू स्पष्ट नसताना आक्रमक मुले “मुद्दामच!” असे इतरांपेक्षा अधिक वेळा धरून चालतात, असे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांना १९८० साली आढळले. घरी मार खाल्लेल्या मुलांत ही सवय अधिक दिसते. म्हणजे धक्का आणि ठोसा यांच्यामध्ये एक विचार असतो. तो इतका झटपट होतो, की ध्यानातच येत नाही.

हा विचार बदलता येईल का? शिकागोतील शाळांमध्ये २००९ पासून याचे प्रयोग झाले. एक खेळ असा : एका मुलाच्या मुठीत चेंडू, जोडीदाराने तो ३० सेकंदांत मिळवायचा. बहुतेक मुले झोंबाझोंबी करतात. मग शिक्षक विचारतात, “नुसता मागून का पाहिला नाही?”

भौतिकशास्त्राच्या प्रयोगात आपण एकच घटक बदलतो, बाकीचे तसेच ठेवतो. माणसांबाबत हे काम चिठ्ठी करते. कोणाला कार्यक्रमात प्रवेश द्यायचा, हे येथे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरवले गेले. त्यामुळे दोन्ही गट सारखेच होते. कार्यक्रम चालू असताना त्यात भाग घेतलेल्या मुलांना हिंसक गुन्ह्यांसाठी झालेल्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या.

हा उपाय रामबाण मात्र नव्हे. पहिल्या प्रयोगात कार्यक्रम संपल्यावर अटकांमधील ही घट टिकली नाही. पण सारे काही रक्तातच असते, तर ती मुळात झालीच नसती.

हा खेळ शिक्षकांच्या देखरेखीखाली वर्गात करून पाहा. किती जणांनी चेंडू नुसता मागितला, ते मोजा.