कानांनी पाहिलेला सामना

प्रास्ताविक

खेळाचा सामना मैदानावर होतो. पण मैदानापर्यंत पोहोचणारे लोक नेहमीच थोडे असतात. इतरांपर्यंत तो सामना समालोचकाच्या शब्दांतून जातो. या पाठाच्या अभ्यासानंतर समालोचकाचे काम कोणते आणि समालोचन श्रोत्याच्या भाषेत असणे का महत्त्वाचे, हे तुम्हांला सांगता येईल.

मूळ पाठ

काशीत दशाश्वमेध घाटाला लागून अहिल्याबाई घाट आहे. अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा हा घाट मराठी यात्रेकरूंच्या परिचयाचा आहे. याच वाराणसी परिसराचे नाते अमेरिकेतील बेसबॉलशीही जुळले आहे. वाराणसी जिल्ह्यातील दिनेश पटेल आणि शेजारच्या भदोही जिल्ह्यातील रिंकू सिंग हे दोघे भालाफेकपटू होते. २००८ साली वेगाने चेंडू फेकण्याच्या स्पर्धेतून ते निवडले गेले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी संघाने त्यांच्याशी करार केला. सर्वोच्च पातळीवरील सामना खेळण्याची संधी मात्र दोघांनाही मिळाली नाही.

ही पातळी किती कठीण आहे, हे तेथील स्पर्धेच्या रचनेवरून कळते. अमेरिकेच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत तीस संघ आहेत. प्रत्येक संघ साखळीत १६२ सामने खेळतो. २०२२ पासून त्यांतील बारा संघ निर्णायक फेऱ्यांत प्रवेश करतात. प्रत्येक फेरीत पराभूत संघ बाहेर पडतो आणि उरलेले दोन संघ ‘वर्ल्ड सीरिज’ ही अंतिम मालिका खेळतात. तिच्यात चार सामने प्रथम जिंकणारा संघ विजेता ठरतो. सहा महिन्यांचे श्रम एका चेंडूवर तोलले जातात, म्हणून या दिवसांत साऱ्या देशाचे लक्ष मैदानाकडे लागते.

१९०३ साली झालेल्या पहिल्या वर्ल्ड सीरिजमध्ये पिट्सबर्गचा संघ बोस्टनकडून हरला. त्या काळी दूरच्या लोकांना तारेने आलेल्या बातमीवरच समाधान मानावे लागे. ५ ऑगस्ट १९२१ रोजी पिट्सबर्गच्या मैदानावरून हॅरल्ड आर्लिन यांनी बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन प्रथमच रेडिओवरून ऐकवले. त्याच वर्षी वर्ल्ड सीरिजही रेडिओवर आली. न पाहिलेला सामना लोक आता कानांनी पाहू लागले.

चांगला समालोचक केवळ बोलत नाही. कोठे थांबावे, हेही त्याला कळते. विन स्कली यांनी १९५० ते २०१६ अशी ६७ वर्षे डॉजर्स संघाच्या सामन्यांचे समालोचन केले. १९८८ च्या वर्ल्ड सीरिजमधील पहिल्या सामन्यात ते दूरचित्रवाणीवर बोलत होते. डॉजर्सचा पराभव जवळ आला होता. पाय दुखावलेला कर्क गिब्सन लंगडत फलंदाजीस आला आणि त्याने चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापलीकडे टोलावून सामना जिंकून दिला. चेंडू गेल्याचे सांगून स्कली मिनिटभराहून अधिक काळ गप्प राहिले. प्रेक्षकांचा जल्लोषच त्यांनी घरोघरी ऐकू दिला.

परंतु इंग्रजी न समजणाऱ्यांचे काय? त्याच संघाचे सामने १९५९ ते २०२२ पर्यंत हाइमे हारीन स्पॅनिश भाषेत सांगत होते. शेतांत आणि कारखान्यांत राबणाऱ्या स्पॅनिश भाषकांनाही त्यामुळे हा खेळ आपला वाटू लागला. ज्याला भाषा परकी, त्याला मैदानही परके असते.

ही गोष्ट आपल्याकडेही अनुभवास येते. २०१९ साली वाराणसीत संस्कृतच्या विद्यार्थ्यांनी धोतर-कुर्ता घालून क्रिकेटचा सामना खेळला, तेव्हा समालोचनही संस्कृतातच झाले. मराठीत हे काम आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांनी केले. रणजी करंडकात महाराष्ट्राकडून खेळलेले पंडित क्रिकेट आतून जाणत होते. त्यांच्या आवाजामुळे शेताच्या बांधावर आणि चहाच्या टपरीवर बसलेल्या श्रोत्याला सामना समजू लागला.

मराठीने या खेळासाठी आपल्या ठेव्यातूनच शब्द घडवले. पायचीत, धावचीत, यष्टिचीत या शब्दांतील ‘चीत’ हा कुस्तीच्या आखाड्यातून आला आहे. परका खेळ ओळखीच्या शब्दांत आला, की तो घरचा होतो. म्हणून समालोचन ही निव्वळ करमणूक नव्हे. जो मैदानापर्यंत जाऊ शकत नाही, त्यालाही आनंदाचा वाटा मिळवून देणारी ती सेवा आहे.

शब्दार्थ

समालोचक – सामना चालू असताना त्याचे वर्णन करणारा
साखळी – प्रत्येक संघाने ठरलेले सर्व सामने खेळण्याची पद्धत
चीत – पाठीवर पाडलेला, पराभूत
ठेवा – जपून ठेवलेले धन

स्वाध्याय

१. स्कली यांनी गप्प राहून काय साधले?
२. ‘ज्याला भाषा परकी, त्याला मैदानही परके असते,’ हे विधान पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. तुमच्या गावातील कबड्डी, खो-खो किंवा कुस्तीच्या सामन्याचे धावते वर्णन दहा वाक्यांत लिहा व ते मोठ्याने वाचून दाखवा.