आधी नळी, मग बंदूक

१९०४ च्या सुमारास ओहायोच्या रानात एकही हरीण उरले नव्हते. शेतीसाठी झालेली जंगलतोड आणि धरबंध नसलेली शिकार यांनी पांढऱ्या शेपटीचे हरीण त्या राज्यातून पुसून टाकले होते. पुढे झाडी पुन्हा वाढली, हरणे परतली, आणि १९४३ साली ॲडम्स, पाइक आणि सायोटो या दक्षिणेकडच्या तीनच काउंट्यांत शिकारीला पुन्हा परवानगी मिळाली. आज तिथे मका-सोयाबीनचे शेतकरी हरणांच्या नासधुशीने त्रासलेले असतात आणि रात्री गाडी चालवणारे रस्त्याच्या कडेला चमकणाऱ्या डोळ्यांना भितात. हिवाळ्याच्या तोंडावरचा बंदुकीचा हंगाम हा कळपांची संख्या आटोक्यात ठेवण्याचा तिथला सरकारमान्य मार्ग आहे.

नोकरीनिमित्त तिकडे स्थिरावलेला एखादा मराठी माणूसही अमेरिकन सहकाऱ्यांच्या ओळखीने या हंगामात उतरतो. अशाच एका गृहस्थांबरोबर प्रस्तुत लेखक त्यांच्या पहिल्या हंगामात होता. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाकडे या बाबतीत घरचे ज्ञान नसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हरणाची शिकार हा गुन्हा आहे, आणि तो तसाच असावा. पण त्यामुळे बंदूक कशी पारखावी हे सांगणारा काका-मामा आपल्याला नसतो. तिकडच्या पोराला आजोबांकडून मिळते ती समज आपला माणूस दुकानाच्या काउंटरवर शोधतो, आणि घात होतो तो तिथेच.

मुळात रायफल सोडून शॉटगन कशासाठी? ओहायो, इलिनॉय, आयोवा ही सपाट शेतांची राज्ये. घरे विखुरलेली, आडोसा कमी. रायफलची गोळी फार लांब जाते, शॉटगनची जड गोळी लवकर जमिनीला लागते, या विचाराने इथे हरणासाठी वर्षानुवर्षे शॉटगन किंवा ठासणीची बंदूकच चालत असे. आता नियम सैल होत आहेत. सरळ कडांच्या काडतुसाच्या रायफलला ओहायोने २०१४ मध्ये आणि आयोवाने २०१७ मध्ये परवानगी दिली. इलिनॉयने २०२३ मध्ये त्यातल्या एकबारी रायफली मान्य केल्या. तरीही बहुतेक नवख्यांच्या हाती पहिल्यांदा शॉटगनच येते, कारण ती स्वस्तात मिळते आणि जुन्या बाजारात मुबलक असते.

त्या गृहस्थांनीही जुनीच घेतली. बारा बोअरची, पंप पद्धतीची, चांगली निगा राखलेली. नळी २८ इंचांची आणि आतून गुळगुळीत, म्हणजे बदकांवर छर्रे उडवण्यासाठी बनवलेली. दुकानदाराने सोबत काडतुसे दिली ती सगळ्यांत महागडी, सॅबो जातीची. महाग म्हणजे अचूक, असा सरळ हिशेब. ५० यार्डांवरच्या कागदावर गोळ्या कुठेही लागत होत्या. त्याहून वाईट म्हणजे काही छिद्रे गोल नव्हती, लांबट होती. गोळी आडवी होऊन कागदातून गेली होती. थंडीमुळे हात थरथरला असेल, असे बरोबरच्यांपैकी कोणी म्हणाले आणि विषय तिथेच राहिला.

हंगामात साठेक यार्डांवर एक मादी उभी राहिली. बार झाला आणि ती मागच्या पायांत वाकून पळाली. पाचोळ्यावरचे रक्त ओढ्यापर्यंत दिसत होते, पलीकडे शेजाऱ्याची जमीन. त्याची परवानगी मिळेपर्यंत अंधार पडला. रात्री विजेरी घेऊन शोधले, सकाळी पुन्हा शोधले. ती सापडली नाही. पोटात गोळी घेऊन गेलेले जनावर लगेच मरत नाही, तासन्‌तास तडफडते. शिकारीला उतरणाऱ्या कोणालाही हे माहीत असलेच पाहिजे. म्हणूनच बंदुकीची निवड हा केवळ हौसेचा किंवा पैशाचा प्रश्न उरत नाही.

चूक नेमकी कशात होती ते समजून घेण्यासारखे आहे. हरणासाठी शॉटगनमधून एकच जड गोळी सोडतात, तिला स्लग म्हणतात. हिचे दोन मोठे प्रकार. पहिली गुळगुळीत नळीसाठी असते. जर्मनीच्या विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये आणि अमेरिकेच्या कार्ल फॉस्टर यांनी १९३१ मध्ये तिचे नमुने तयार केले. फॉस्टरच्या स्लगचे वजन पुढे असते आणि मागचा भाग पोकळ, त्यामुळे ती न फिरताही तोंड पुढे ठेवून जाते. तिच्या अंगावर तिरप्या खाचा असतात आणि डब्यावर ‘रायफल्ड स्लग’ असे छापलेले असते, म्हणून नवखा माणूस ती पेचदार नळीसाठी आहे असे समजतो. या खाचांमुळे गोळीला म्हणण्याजोगी फिरकी मिळत नाही. नळीच्या तोंडाशी आवळलेल्या भागातून, म्हणजे चोकमधून, गोळीला अंग चोरून निघता यावे एवढेच त्यांचे काम.

दुसरी सॅबो. यात नळीपेक्षा बारीक गोळी प्लॅस्टिकच्या वेष्टणात बसवलेली असते. नळीतले पेच ते वेष्टण पकडतात, गोळीला फिरवतात, आणि बाहेर पडताच वेष्टण गळून जाते. भोवरा फिरत असतो तोवरच उभा राहतो. गुळगुळीत नळीतून सुटलेल्या सॅबोला फिरकीच मिळत नाही, मग ती हवेत कोलांट्या घेते. कागदावरची लांबट छिद्रे नेमके हेच सांगत होती. उलट प्रकारही बरा नव्हे. पेचदार नळीतून फॉस्टरच्या गोळ्या झाडत राहिले तर मऊ शिसे पेचांत भरते आणि नेम बिघडत जातो.

तेव्हा दुकानात गेल्यावर ब्रँड विचारण्याआधी नळी विचारावी. पेचदार की गुळगुळीत? गुळगुळीत असेल तर चोक कोणता? फुल चोकमधून स्लग झाडू नये. सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर हवा. रेमिंग्टन ८७० आणि मॉसबर्ग ५०० यांचे एक मोठे सुख म्हणजे त्यांची नळी घरच्या घरी बदलता येते. एकाच बंदुकीला पक्ष्यांसाठी एक नळी आणि हरणासाठी पेचदार दुसरी, हा नवख्यासाठी सगळ्यांत शहाणा सौदा आहे. नेमासाठी नळीच्या टोकाला नुसती माशी असेल तर ५० यार्डांपुढे भरवसा धरू नये. बरी साइट्स असलेल्या गुळगुळीत नळीने ७५ यार्डांपर्यंत मजल जाते. पेचदार नळी, सॅबो आणि स्कोप यांचा मेळ बसला तर १०० यार्ड आणि थोडे पलीकडेही.

स्कोप कुठे बसवला आहे तेही बघावे. नळी सुटी होणाऱ्या बंदुकीत ती सांध्यात किंचित हलते. स्कोप बंदुकीच्या धडावर आणि गोळी हलत्या नळीतून, मग नेम टिकणार कसा? यासाठी कँटिलिव्हर नळ्या मिळतात. त्यांत स्कोपची पट्टी नळीलाच जोडलेली असते आणि दोन्ही एकत्र हलतात.

बोअरबद्दल थोडे. बारा बोअर म्हणजे मर्दानी आणि वीस म्हणजे बायकामुलांची, हा समज टाकून द्यावा. बाराची नळी आतून सुमारे १८.५ मिलिमीटर, वीसची १५.६. चांगल्या सॅबोसह वीस बोअर १०० यार्डांवर हरणाला पुरून उरते आणि खांद्याला बसणारा धक्का बराच कमी असतो. हलक्या बारा बोअरमधून तीन इंची स्लग झाडली की धक्क्याच्या भीतीने माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, आणि नेम तिथेच सुटतो. मात्र घरात दोन्ही बोअर असतील तर काडतुसे कधीही एका खिशात ठेवू नयेत. वीसचे काडतूस बाराच्या नळीत पुढे सरकून अडकते. बंदूक रिकामी समजून मागून बाराचे भरले आणि बार काढला, तर नळी फुटते. वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात ती यासाठीच.

मोठ्या छर्ऱ्यांचा विचार मध्य-पश्चिमेत करूच नये. दक्षिणेत, व्हर्जिनिया-कॅरोलिनाच्या काही भागांत, कुत्र्यांनी उठवलेल्या हरणावर ते चालतात. ओहायो, इलिनॉय, आयोवात हरणासाठी त्यांना मनाई आहे. ओहायोत बंदुकीत एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसे मावता कामा नयेत, म्हणून जुनी बंदूक घेताना आत खुंटी बसवलेली आहे ना, हे उघडून पाहावे.

आपल्या लोकांनी सर्वांत आधी पाहायची गोष्ट मात्र व्हिसा. एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. अपवादांपैकी आपल्या कामाचा एक: हाती अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा, मुदत न संपलेला शिकार परवाना हवा. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अट नाही. सहकाऱ्याची बंदूक ‘जरा धरून पाहतो’ म्हणण्याआधी हा परवाना खिशात असावा. त्यासाठी लागणारा सुरक्षा अभ्यासक्रम मनापासून करावा, उरकून टाकू नये.

शॉटगन म्हणजे आपोआप सुरक्षित, असेही कोणी धरून चालू नये. पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळासाठी २००७ मध्ये झालेल्या अभ्यासात असे दिसले की बंदूक जमिनीला समांतर धरून झाडली तर स्लग आपटून उसळते आणि तिचा धोका रायफलच्या गोळीपेक्षा कमी राहतो असे नाही. हरणामागे काय आहे हे दिसल्याशिवाय बार नको. मचाणावरून खाली झाडलेली गोळी जमिनीत रुतते, हा मचाणाचा मोठा फायदा. पण मचाणावरून पडूनही माणसे जायबंदी होतात, म्हणून अंगाला पट्टा बांधूनच चढावे आणि बंदूक खांद्याला लावून चढू नये. ती रिकामी करून खाली ठेवावी, वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यावी, तोंड जमिनीकडे, आणि काडतुसे त्यानंतर भरावीत.