टाळूच्या ऑपरेशननंतर चमचा का नको?

प्रश्न : माझ्या नातवाची टाळू जन्मापासून दुभंगलेली होती. अकराव्या महिन्यात ऑपरेशन झालं, त्याला आता आठ दिवस झाले. तीन आठवडे तोंडात चमचा घालायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. मऊ भात चमच्यानं भरवला तर काय बिघडतं? अजून कधीकधी दूध नाकातून येतं. ऑपरेशन फसलं का?
— एक आजी, कवठे महांकाळ

उत्तर : आजी, आठव्या दिवशी नाकातून थोडं दूध आलं म्हणून ऑपरेशन फसलं असं होत नाही. टाळूला अजून सूज असते, तिचा मागचा मऊ भाग नीट हलत नाही. सूज ओसरली की हे बहुधा कमी होतं. काही आठवड्यांनंतरही येत राहिलं, तर मात्र टाक्यांच्या रेषेत भोक राहिलंय का, हे सर्जननाच बघू द्या.

हे भोक राहू नये म्हणूनच चमच्याची बंदी आहे. हातापायाच्या जखमेवर पट्टी बांधता येते, टाळूवर नाही. टाके उघडेच असतात आणि बाळ दिवसभर त्यांच्यावरूनच गिळतं. बाळानं मान झटकली की चमच्याची कड नेमकी टाक्यांवर बसते. म्हणून वाटी किंवा पेला ओठांना लावून पाजा. गाळलेली पेज, मुगाचं कढण, दूध, पातळ आंबील, सगळं कोमट. सर्जननी मनाई केली नसेल तर अंगावरचं दूधही चालतं. दरवेळी शेवटी उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन घोट द्या, टाके धुतले जातात.

मला जास्त काळजी वाटते ती घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची. तुमच्याकडे घरोघरी बेदाणा असतो आणि कौतुकानं कुणीतरी बाळाच्या हातात दोन दाणे ठेवतंच. बेदाणा, बिस्किट, शेंगदाणा, खुळखुळा, यातलं काहीही तोंडात जाता कामा नये. बोट घालून टाके चाचपू नका, मध-हळद लावू नका. टाक्यांवर पांढुरका थर दिसला तर तो पू असेलच असं नाही, बहुतेकदा जखम भरतानाचा थर असतो. तो पुसायचा नाही. थोडे दिवस तोंडाला वासही येतो. हाताला कोपरपट्ट्या बांधायला सांगितल्या असतील, तर एका वेळी एकच हात मोकळा करा, तोही जवळ बसून. काही सर्जन त्या वापरत नाहीत, म्हणून शेजारच्या बाळाशी तुलना नको.

दुखलं की बाळ पीत नाही आणि न पिणारं बाळ लवकर कोमेजतं. त्यामुळे वेदनेचं औषध सांगितलेल्या मापानं, वेळेवर द्या. ताजं लाल रक्त आलं, रक्ताची उलटी झाली, श्वास घोरल्यासारखा होऊ लागला, ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा. ताप 101 च्या वर गेला किंवा सात-आठ तास लघवी झाली नाही, तर त्याच दिवशी दाखवा.

आणि सुनेनं ग्रहणात काही चिरलं म्हणून हे झालं, असं कुणी म्हणत असेल तर त्याला तिथेच थांबवा. गर्भाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात टाळूचे दोन भाग मधोमध जुळतात, काही बाळांत जुळत नाहीत. ग्रहणाचा त्याच्याशी संबंध नाही.

टाके भरले की लोक सुटकेचा श्वास टाकतात आणि पुढच्या तपासण्या चुकवतात. खरं नुकसान तिथे होतं. कानातली नळी उघडणारे स्नायू टाळूलाच जोडलेले असतात. टाळू दुभंगलेल्या बाळांच्या कानात पडद्यामागे पाणी साचतं, त्यानं ऐकू कमी येतं, मग बोलणं मागं पडतं. दुखत नाही, म्हणून घरात कळतही नाही. शब्द नाकातून येत असतील तर वाचा-उपचार लवकर सुरू करावे लागतात. काही मुलांना पुढे आणखी एक छोटं ऑपरेशन लागतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्यात दुभंगलेले ओठ आणि टाळू यांचा समावेश आहे आणि त्याचं तपासणी पथक अंगणवाडीत येतं. अंगणवाडीताईंना नातवाचं नाव सांगून ठेवा, आणि सर्जननी दिलेल्या तारखेला जाल तेव्हा त्याच्या कानांची तपासणी स्वतःहून मागा.