बनावट माशीचे पाय

कीटकास सहा पाय असतात, हे आमच्या शाळेतील पाचवीचा विद्यार्थीही सांगेल. परंतु बोटाच्या पेराहून लहान अशा गळावर ते पाय कशाचे करावेत, कोणत्या रंगाचे करावेत, आणि मुळात करावेत की नाही, असा प्रश्न पुढे आला म्हणजे पाठ केलेले उत्तर उपयोगी पडत नाही. तेथे कीटक स्वतः न्याहाळावा लागतो. यंदा आम्ही हा लहानसा विषय वाचकांपुढे ठेवीत आहो, तो याच कारणाने.

ट्राउट हा थंड, निर्मळ व वाहत्या पाण्याचा मासा होय. पाण्याची उष्णता वीस अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागली की तो कासावीस होतो. अर्थात गोदावरीत किंवा आमच्या हर्सूलच्या तलावात तो सापडावयाचा नाही. परदेशातून अंडी आणून इ. स. १९०० मध्ये काश्मीरात व पुढे १९०७ च्या सुमारास नीलगिरीवर त्याची वसाहत करण्यात आली. हिमाचलातील नद्यांतही तो आहे. त्याचे पुष्कळसे अन्न म्हणजे पाण्यात वाढणारे व पाण्यावर पडणारे कीटक. म्हणून त्यास धरणारे लोक गळावर पिसे, रेशीम व लोकर गुंडाळून कीटकाचे सोंग तयार करतात. त्यालाच आम्ही येथे बनावट माशी म्हटले आहे. (मासा आणि माशी या शब्दांचे साम्य वाचकांस थोडे छळील, त्यास इलाज नाही.)

ही विद्या जुनी आहे. पेत्राने समुद्रावर जाऊन गळ टाकल्याचा प्रसंग मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे, पण त्या गळास काय लावले होते ते तेथे सांगितलेले नाही. ज्या मासेदोनियात पौल प्रेषित सुवार्ता घेऊन गेला, तेथील कोळ्यांविषयी मात्र एलियन नावाच्या रोमी ग्रंथकाराने इ. स. २०० च्या सुमारास लिहून ठेवले आहे. ते गळास तांबडी लोकर गुंडाळीत आणि कोंबड्याच्या गलोलीखाली उगवणारी, मेणाच्या रंगाची दोन पिसे तीवर बांधीत. अठराशे वर्षे लोटली, तरी कोंबड्याचे पीस या कामातून सुटलेले नाही.

ते का सुटले नाही, हे समजण्यास माशाच्या जागी जाऊन वर पाहिले पाहिजे. पाण्यातून वर पाहणाऱ्यास सर्व आकाश सुमारे सत्त्याण्णव अंशांच्या एका गोल खिडकीत सामावलेले दिसते. प्रकाशाच्या वक्रीभवनाचा हा परिणाम होय. त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होऊन तळाचेच प्रतिबिंब दाखवितो. आता प्रवाहाबरोबर तरंगत येणारा कीटक प्रथम या आरशावर असतो. त्याचे अंग व पंख माशास दिसत नाहीत; पण त्याचे पाय जेथे पाण्याची त्वचा दाबतात, तेथे आरसा मोडतो व प्रकाशाचे बारीक ठिपके चमकतात. म्हणजे येणाऱ्या पाहुण्याची पहिली वर्दी त्याचे पाय देतात, आणि म्हणूनच आमच्या मते या साऱ्या कारागिरीत पायांचे स्थान पंखांच्या आधी आहे. दुकानातील माश्यांचे पंख पाहून जे भुलतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

याचा प्रयोग घरी करता येतो. पारदर्शक काचेचे रुंद भांडे पाण्याने भरून दोन उंच पुस्तक-चवडींच्या टोकांवर भक्कम ठेवावे. बारीक टाचणीवर कोंबड्याच्या मानेचे एक पीस गोल गुंडाळून ती अलगद पाण्यावर सोडावी, आणि बाजूने खालून, तिरक्या नजरेने वर पाहावे. ठिपके दिसतील. त्याच टाचणीवर कोंबडीचे मऊ पीस गुंडाळून पुन्हा पाहिले म्हणजे ते भिजून खाली बसलेले दिसेल. मोठ्या माणसांनी भांड्याच्या आधाराकडे लक्ष ठेवावे.

या एका प्रयोगात जिनसांच्या निवडीचे अर्धे शास्त्र आले. जी माशी पाण्यावर तरंगावयाची, तिचे पाय नराच्या मानेवरील पिसांचे करावेत. ती ताठ व चकचकीत असतात आणि पाणी लवकर शोषीत नाहीत. पीस गळाच्या दांडीभोवती काटकोनात गुंडाळले की त्याचे तंतू चहूकडे उभे राहतात व त्यांच्या टोकांवर माशी पाण्यावर उभी राहते. तंतूंची लांबी गळाच्या तोंडाच्या रुंदीच्या दीडपट असावी, असा सर्वसाधारण प्रघात आहे. जी माशी पाण्याखाली बुडावयाची, तिला उलट कोंबडीचे किंवा तित्तिराचे मऊ पीस हवे. तेही एक-दोन वेढेच. ते प्रवाहात हलते, आणि त्या हलण्यानेच जिवंतपणाचा भास होतो. अशा माशीस सहाच पाय दिसत नाहीत, वीस-तीस दिसतात, म्हणून कोणी हरकत घेईल. मासा पाय मोजीत नाही, एवढेच आम्ही त्यास सांगू.

आता रंग. येथे नवशिका फसतो, कारण तो पीस मेजावर ठेवून वरून पाहतो. मासा ते खालून, आकाशाच्या उजेडावर पाहतो. मेजावर तपकिरी दिसणारे पीस खिडकीसमोर धरले तर मधासारखे सोनेरी उजळते. तेव्हा पारख उजेडावर धरूनच करावी. शिवाय ओलेपणाने रंग गडद होतात. रेशमी दोऱ्यात हे विशेष दिसते. आमच्या जिल्ह्यातील पैठणला रेशीम मागावर विणणाऱ्यांस हे सांगावयास नको. पिवळ्या दोऱ्यास मेण चोळले की तो हिरवट होतो, आणि ही गोष्ट एका प्रसिद्ध माशीच्या पोटात दडलेली आहे.

इ. स. १८५४ मध्ये डरहॅमचे एक धर्मोपदेशक, कॅनन विल्यम ग्रीनवेल, ट्वीड नदीवर मासे धरीत असता ट्राउट एका विशिष्ट कीटकावर तुटून पडत आहेत असे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी तो कीटक पकडला व जवळच्या स्प्राउस्टन गावातील जेम्स राइट या कारागिराकडे नेऊन तसाच बांधून मागितला. मेण लावलेले पिवळे रेशीम, काळ्या कस्तुर पक्ष्याच्या पंखाचे पीस, आणि पायांसाठी मध्यभागी काळे व कडेने तांबूस असे कोंबड्याचे पीस, असा तो पाठ ठरला. 'ग्रीनवेल्स ग्लोरी' या नावाने ती माशी आजही बांधली जाते. या दुरंगी पिसाची युक्ती पाहण्यासारखी आहे. काळा भाग अंगाजवळ येऊन कीटकाच्या छातीचा भास देतो, आणि तांबूस टोके पायांचे काम करतात. एकाच वेढ्यात दोन कामे साधली.

मेफ्लाय या कीटकाचे पाय रंगविताना अडचण अधिक. पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा हा एकच कीटक होय. पाण्यातून प्रथम निघतो तेव्हा तो मळकट राखी वा हिरवट असतो. दुसरी कात टाकल्यावर पंख काचेसारखे नितळ आणि अंग बहुधा तांबूस व तुकतुकीत होते. म्हणून पहिल्या रूपास राखी पीस व दुसऱ्यास तांबडे पीस लागते. नदीवर कोणते रूप उडत आहे हे न पाहता डब्यातील सुंदर माशी निवडणारा रिकाम्या हाताने परततो.

आणि कधी कधी पाय नसणेच योग्य असते. इंग्लंडातील एव्हन नदीची राखण करणारा फ्रँक सॉयर वर्षानुवर्षे पाण्यातील कीटकांची पिल्ले पाहत असे. पोहताना ती पाय अंगाशी आवळून घेतात, हे त्याने टिपले. १९५८ च्या आपल्या पुस्तकात त्याने जी माशी वर्णिली, तीत फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू व तांब्याची तार एवढेच आहे. दोराही नाही व पायही नाहीत. आम्हांस या सबंध इतिहासातील ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. नाकतोड्याचे उदाहरण याच्या अगदी विरुद्ध. त्याचे मागचे पाय सुटले तर नाकतोडाच राहत नाही. म्हणून त्याच शेपटीच्या तंतूंस मध्ये गाठ मारून गुडघा करतात. हल्ली रबराचे पायही निघाले आहेत. ते पुष्कळ हलतात खरे; परंतु लहान माशीवर ते आम्हांस जड वाटतात.

पिसे मिळवावीत कोठून, याविषयी पालकांस थोडे सांगणे अगत्याचे आहे. आपल्या सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याच्या मानेवर मिन्याच्या ठिपक्यांसारखी चमकणारी पिसे असतात. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी गळांच्या शृंगारासाठी त्यांस फार मागणी होती, आणि त्यापायी हे पक्षी मारले जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यास संरक्षण आहे. कोणी अशी पिसे विकू आला तर घेऊ नयेत, मुलांनी गोफण किंवा फासा घेऊन रानात जाऊ नये. ती पिसे गळावर डोळ्याचा अगर पंखाचा भास देण्यासाठी लावतात. पायांकरिता त्यांची गरजही नाही. पायांस गावठी कोंबडा पुरतो. तांबडा, काळा, कबरा, राखी असे चार मिळाले की बहुतेक कीटक साधतात. मात्र कोंबडा वयाने जून असावा. सहा आठवड्यांत विक्रीस येणाऱ्या पांढऱ्या ब्रॉयलरचे पीस मऊ व आखूड असल्याने तरंगणाऱ्या माशीस कुचकामाचे. पांढरे पण ताठ पीस हाती आल्यास चहाच्या गरम काढ्यात बुडवून त्यास बदामी रंग देता येतो.

ज्यांस गळाशी कर्तव्य नाही, त्यांनीही पावसाळा ओसरल्यावर म्हैसमाळच्या बाजूस एखाद्या उथळ ओढ्यातील दगड वडिलांसमवेत उलटून पाहावा. खाली चिकटलेली पिल्ले पांढऱ्या बशीत थोड्या पाण्यासह घ्यावीत, पाय कसे ठेवतात व कोणत्या रंगाचे आहेत ते वहीत काढावे, आणि बशी व दगड दोन्ही होते तसे पाण्यात परत करावेत.

पिसे आणल्यावर साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवावीत. त्यांस कसर लवकर लागते. म्हणून झाकणाच्या डब्यात ठेवून आत कापराची वडी टाकावी, आणि दर महिन्यास डबा उघडून पाहावा.