तैल-ब्रेकचे अडकलेले दट्टे



चिखलदऱ्याहून परतवाड्यास सायकलनें उतरणारा स्वार सुमारें ७०० मीटर खालीं येतो. स्वार व सायकल मिळून ८० किलोग्रॅम वजन धरलें, तर या उतरणींत सुमारें ५,५०,००० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. २५ अंशांचें पावणेदोन लिटर पाणी उकळीस आणण्यास ती पुरेल! तिचा कांहीं भाग हवेच्या विरोधांत खर्ची पडतो. उरलेली बहुतेक ऊर्जा ब्रेकांसच उष्णतारूपानें बाहेर टाकावी लागते. म्हणून घाट उतरणाऱ्यानें आपल्या ब्रेकची रचना जाणून घेणें अगत्याचें आहे.

डोंगरी सायकलींस हल्लीं बहुधा तबकडीचे तैल-ब्रेक असतात. मूठ दाबली कीं तिच्यापाशीं असलेल्या नळकांड्यांतील लहान दट्ट्या तेलावर दाब देतो. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखाच पसरतो, हा फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्काल (१६२३–१६६२) याचा नियम आपण शिकलोंच आहों. समजा, वरील दट्ट्याचा व्यास १० मिलिमीटर व चाकाजवळील कॅलिपरमधील दट्ट्याचा २२ मिलिमीटर आहे. तर क्षेत्रफळ ४.८४ पट असल्यानें जोरही तितकेच पट होतो. अशा दोन समोरासमोरच्या दट्ट्यांमुळें ब्रेकचे ठोकळे तबकडीस दोन्ही बाजूंनीं आवळतात.

मूठ सोडल्यावर दट्टे मागें कोण ओढतें? प्रत्येक दट्ट्याभोंवतीं चौकोनी छेदाचें एक रबरी कडें असतें. दट्ट्या पुढें जातांना तें किंचित् पिळवटतें, आणि दाब नाहींसा होतांच पूर्ववत् होऊन दट्ट्यास मागें घेतें. ठोकळे झिजले म्हणजे दट्ट्या कड्यांतून थोडा पुढें घसरून ती उणीव भरून काढतो. परंतु त्याचा जो भाग उघडा पडतो, त्यावर आपल्या वऱ्हाडांतील काळ्या मातीचा चिखल व ठोकळ्यांची भुकटी बसून वाळते. मग तो दट्ट्या अडतो, दुसराच अधिक सरकतो, तबकडी एका अंगास वांकते व ठोकळे विषम झिजतात. पुष्कळजण अशा वेळीं तेल बदलतात; पण दोष तेलांत नसून मळांत असतो.

उपाय असा :—

(१) चाक व ठोकळे काढून स्वच्छ जागीं ठेवावे. तबकडीस व ठोकळ्यांस तेलाचा स्पर्श होऊं देऊं नये.

(२) मोकळा दट्ट्या प्लॅस्टिकच्या पट्टीनें धरून ठेवावा व मूठ हळूहळू दाबून अडलेला दट्ट्या तीन-चार मिलिमीटरच बाहेर आणावा. अधिक दाबल्यास तो निसटून तेल सांडेल.

(३) कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलांत भिजवून दट्ट्याची कड सर्व बाजूंनीं पुसावी. पॉलिश-कागद कधींही वापरूं नये.

(४) त्याच ब्रेकांतील द्रवाचा एक थेंब कडेस लावून दट्ट्या पट्टीनें सरळ मागें ढकलावा. दोन्ही दट्टे सारखे हलूं लागेपर्यंत ही क्रिया पुन्हां पुन्हां करावी; नंतर उरलेला द्रव पुसून टाकावा.

(५) ठोकळे व चाक बसवून कॅलिपरचे स्क्रू सैल करावे, मूठ दाबून धरावी आणि ते पुन्हां आवळावे.

द्रवाविषयीं विशेष सावध असावें. शिमानोच्या ब्रेकांत खनिज तेल असतें, तर स्रॅमच्या अनेक ब्रेकांत डॉट द्रव असतो. एकाचें रबर दुसऱ्यांत फुगून निकामी होतें. घासलेट किंवा ग्रीस यांचाही मोह टाळावा. इतकें करूनही दट्ट्या अडत असेल किंवा तेल झिरपत असेल, तर कॅलिपर जाणत्या कारागिरास दाखवावा.

शेवटीं चाक उचलून फिरवावें, मूठ दहा-वीस वेळां दाबून पाहावी आणि प्रथम सपाट मैदानावर परीक्षा घ्यावी. हाताच्या दोन बोटांवर घाटांत आपला जीव अवलंबून असतो. त्या बोटांचा जोर चाकापर्यंत निर्वेधपणें पोंचतो कीं नाहीं, हें घराच्या अंगणांतच पाहून निघणें शहाणपणाचें होय.